तिथीची पाऊणपट

त्या दिवशी माझ्या बायकोला उशीर झाला नव्हता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तिलाही नाही.

आठ वर्षांपूर्वी, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, आम्ही मँचेस्टरहून स्कॉटलंडला कॅम्पिंगला गेलो होतो. मी, ती आणि आमची चार वर्षांची मुलगी. आधी हायलँड्समध्ये डोंगरात तंबू ठोकला. जांभळी झुडपं, लांबवर उभी हरणं आणि संध्याकाळी तोंडावर येणारे चिलटांचे ढग. मग पश्चिम किनाऱ्यावर उतरलो. समोर एक लहानसं बेट होतं. ओहोटीला वाळू उघडी पडली की तिथे चालत जाता यायचं, आणि पलीकडच्या खडकांवर सील पहुडलेले दिसायचे.

मी कोकणातला. समुद्र मला कुणी शिकवू नये, असा ताठा होता. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. दशमी होती, दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे भरती सकाळी साडेसातला, आणि मग दुपारी दीडपर्यंत ओहोटीच. तिकडच्या समुद्राचं गणित वेगळं असेल, हे डोक्यातही आलं नाही. निघताना कॅम्पसाइटच्या मालकीणबाईंनी विचारलं, "भरतीची वेळ बघितलीत ना?" तक्ता त्यांच्या मागेच भिंतीवर होता. मी न बघताच "येस, येस" म्हणालो. बायको तेव्हा बाहेर मुलीला बूट घालत होती.

सील दिसल्यावर मुलगी ओरडली, "बाबा, म्हशी!" आम्ही पोट धरून हसलो. थोड्या वेळाने बायको म्हणाली, "अहो, पाणी वाढतंय का हो?"

"अगं, ओहोटी आहे. कोकणातल्या माणसाला विचारतेस?"

"बरं बाई. मी आपली पुण्याची, नळाच्या पाण्यावर वाढलेली," असं म्हणून ती शिंपले वेचायला वाकली.

परत फिरलो तर वाळू नव्हती. मधे करडं पाणी, दोन्ही बाजूंनी एकमेकांवर येणारं. थांबावं की जावं हे ठरवेपर्यंत ते आणखी पसरलं. मुलीला खांद्यावर घेतलं. बायकोला पोहता येत नव्हतं. तिने मागून माझा पट्टा धरला. पाणी मांड्यांवर आलं, कमरेवर आलं. थंडीने श्वास अर्ध्यातच अडकायचा. पायाखालची वाळू सरकत होती. मुलीने माझे केस मुठीत घट्ट धरले होते. आणि मग पट्ट्यावरची ओढ सुटली.

मागे वळलो तर ती नव्हती. एका हाताने मुलीचे पाय धरून दुसऱ्याने पाण्यात चाचपडत राहिलो. हाताला वेणी लागली. ती धरून ओढली.

किनाऱ्यावर मालकीणबाई ब्लँकेटं घेऊन धावत आल्या. "वेळ बघितली म्हणालात ना?"

"बघितली होती," मी म्हणालो. "हिला शिंपल्यांत उशीर झाला."

बायको खोकत होती, ओठ निळे पडले होते. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. आणि मालकीणबाईंना म्हणाली, "सॉरी."

पुढे मँचेस्टरच्या मंडळींत हा किस्सा झाला. "वहिनी, आज शिंपले नाही ना वेचायचे?" म्हणून लोक चिडवायचे. ती हसायची. मीही हसायचो. पण समुद्रावर ती पुन्हा आली नाही.

मुलगी आता बारा वर्षांची आहे. या आठवड्यात तिच्या शाळेचा कॅम्प आहे, समुद्रकाठी. बायकोने नाही म्हटलं. मुलगी चिडून म्हणाली, "मम्मी, तू सगळ्यालाच घाबरते!" तेव्हा ती हळूच म्हणाली, "माझ्या चुकीने एकदा तू गेली असतीस."

मी पेपर वाचत होतो. मान वर केली नाही.

चूक माझी होती, तुझी नव्हती: एवढं एक वाक्य, मुलीच्या देखत, मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.