उगवतीकडे पाय

“फिरवा! पेटी फिरवा! पाय उगवतीकडे करा!” मार्थाकाकू कबरीच्या काठावरून अशी गरजली, की तीन गावांचे कावळे उडाले आणि चौथ्या गावचे तयारीत राहिले. आम्ही सहा पुतणे याकोबकाकांची पेटी धरून उभे होतो. शेवटच्या दिवशी प्रभू पूर्वेकडून येणार, तेव्हा कबरीतून उठणाऱ्याचं तोंड तिकडेच हवं, ही आमच्याकडची रीत. घाईत आम्ही पेटी उलटी आणली होती. काका जिवंतपणी दोन मणांचे. त्या दुपारी निदान बारा मणांचे झाले होते.

“काकू, प्रभूला पाठमोरा माणूस ओळखू येत नाही होय?” मी धापा टाकत म्हणालो.

“त्याला येईल रे. यांनाच वळायला अर्धा दिवस लागतो!”

रडता रडता माणसं हसली. पेटी फिरवताना वाटलं, आम्ही सगळे एका मेलेल्या माणसाला पोचवायला आलो होतो. ही एकटी उठणाऱ्याचं अंथरूण घालायला आली होती. डोळे तिचेही सुजलेले होते, पण नजर पूर्वेच्या टेकडीवर होती.

संध्याकाळी मी विचारलं, “काकू, एवढी खात्री आहे?”

“नसती तर यांना कुठंही तोंड करून पुरलं असतं,” ती म्हणाली.