न जळलेली जागा

माझ्या पीएच.डी.चा विषय कुणी विचारला की मी आधी समोरच्याचा चेहरा बघते. खरंच ऐकायचं असेल तर सांगते, नाहीतर ‘मातीवर आहे’ म्हणून मोकळी होते. कॉलेजातल्या स्टाफरूममध्ये तर आता कुणी विचारतही नाही. सात वर्षं एखादी बाई ‘सबमिशन जवळ आलंय’ म्हणत असेल तर लोक तरी किती वेळा अभिनंदनाची तयारी करणार?

डोंगराला वणवा लागून गेल्यावर तिथल्या मातीचं काय होतं, हा तो विषय. माती म्हणजे नुसता दगडाचा भुगा नसतो. तिच्यात वर्षानुवर्षं कुजलेला पाला, मुळं, शेण असं बरंच काही मुरलेलं असतं. त्यातलं किती जळालं आणि नंतर त्याच्या जागी काय आलं, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके-जड प्रकार, मोजतात. कार्बन दोन प्रकारचा असतो, एक हलका आणि एक किंचित जड. नायट्रोजनचंही तसंच. झाडाच्या पाल्यात जड कार्बनचं प्रमाण एक असतं, डोंगरावरच्या गवतात दुसरं, त्यामुळे जंगल जाऊन गवत आलं की ते मातीत उमटतं. आणि आग लागली की हलका नायट्रोजन धुराबरोबर जास्त निघून जातो, जड मागे राहतो. जळलेल्या मातीत जड नायट्रोजन जास्त, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं कळेल.

मी राहते पूनम सागर वसाहतीत, शिकवते भाईंदर पूर्वेला, बारावीला केमिस्ट्री. माझा डोंगर घोडबंदरला. गावाच्या मागे एक उतार आहे, तो तीन वर्षांपूर्वी, मी तिथलं काम सुरू केलं त्या वर्षी, मार्चमध्ये जळला होता. वरपासून अर्ध्यापर्यंत काळाठिक्कर. पण जळलेल्या मातीशी ताडून बघायला न जळलेली माती लागते, तशीच, त्याच डोंगराची. ती मला उताराच्या पायथ्याशी मिळाली. एक छोटासा सपाट तुकडा, चारी बाजूंनी हातभर उंचीचा बांध, कडेला दोन पळस. वणवा बांधापर्यंत येऊन थांबला होता आणि आत पिवळं का होईना, गवत उभं होतं. मला आठवतंय, मी तिथे उभी राहून चक्क टाळी वाजवली होती.

भाईंदरच्या केबिन रोडवरून लाल सॅटिनची फीत आणली. बांबूच्या सोळा खुंट्या तासून त्यांना ती बांधली, नेलपॉलिशने नंबर घातले आणि तुकड्यात ठोकल्या. ‘न-१’ पासून ‘न-१६’ पर्यंत. न म्हणजे न जळलेली.

त्यानंतरची तीन वर्षं म्हणजे रविवारची बस, पाठीवर माती, आणि घरी आल्यावर गॅलरीत पसारा. माती सावलीत वाळवावी लागते. मग चाळायची, चिमट्याने एकेक मूळ वेचायचं, खलात मैद्यासारखी कुटायची, कथलाच्या इवल्याशा डबीत चिमूटभर तोलून दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेला पाठवायची. समोरच्या भाभींनी पहिल्या वर्षी विचारलं होतं, “भाभी, पापड सुखा रहे हो क्या?” मी “मिट्टी है” म्हटलं. त्यांनी “अच्छा” म्हणून खिडकी लावून घेतली. नवरा बिचारा तीन वर्षं गॅलरीत पाय ठेवायच्या आधी माझी परवानगी घेत होता. नंतर त्याने गॅलरीत जाणंच सोडून दिलं.

पहिल्या वर्षीचे आकडे आले आणि माझं डोकं फिरलं. न जळलेल्या तुकड्यात जड नायट्रोजन जळलेल्या उतारापेक्षा जास्त होता. उलटंच की सगळं! मी चाळणीला दोष दिला. दुसऱ्या वर्षी नवी चाळणी आणली, प्रत्येक नमुन्यानंतर ती धुतली, पुसली, वाळवली. आकडे तेच. मातीत कोळशाचे बारीक कणही दिसत होते, ते मी वाऱ्यावर टाकले, म्हणजे वरच्या वणव्याची राख उडून आली असणार म्हणून. जड नायट्रोजन गुरांच्या शेणामुळे असेल, असं एक वाक्य लिहिलं. आणि जे सहा नमुने अगदीच ऐकत नव्हते, ते ‘दूषित’ म्हणून वगळले. उरलेल्या दहांवर चौथं प्रकरण उभं केलं. कारणं शोधण्यात मी तरबेज झाले होते. खरं सांगायचं तर कंटाळले होते. कॉलेज, पेपर तपासणं, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, आणि वर हे. मला फक्त ते एकदाचं संपवायचं होतं.

शेवटची मुदतवाढ या मेअखेर संपत होती. तीनशे पानं तयार होती. गाइड मॅडमनी फक्त एक गोष्ट सांगितली, “न जळलेल्या जागेचा एक चांगला फोटो टाक.” तो फोटो काढायला मी एप्रिलमध्ये एका रविवारी घोडबंदरला गेले.

तुकड्याच्या खाली दोन खोल्यांचं घर आहे. तिथल्या मावशी मी गेले की तांब्या घेऊन वर यायच्या, बांधावर बसायच्या, माझं पाणी पिऊन झालं की तांब्या घेऊन खाली जायच्या. तीन वर्षं हेच. मी त्यांच्याशी ‘ऊन फार आहे’ आणि ‘येते मावशी’ याच्या पलीकडे बोलले असेन असं मला आठवत नाही. मला नेहमी परतीची बस दिसत असायची.

त्या दिवशी मी फोटो काढत होते आणि मावशींनी विचारलं, “बाई, काम सरला काय?”

“सरलं मावशी. एवढा फोटो झाला की संपलं.”

“मंग त्या खुट्या काढाल ना? यंदा भाजायचा हाय.”

“काय भाजायचं?”

“राब,” त्या म्हणाल्या. मला हे माहीत नाही याचंच त्यांना नवल वाटलं.

मी फोन खाली केला. राब म्हणजे भाताची रोपं काढायचा वाफा. पावसाआधी त्यावर पाला, फांद्या, शेण पसरायचं, वर माती टाकायची आणि सावकाश भाजायचं, म्हणजे तण मरतं आणि रोप जोमाने येतं. हे मी लहानपणी पाठ्यपुस्तकात वाचलं होतं, दोन मार्कांसाठी टीप म्हणून लिहिलंही होतं. पण माझा जन्म लालबागचा. मला बांध दिसला, त्याच्या आतलं शेत दिसलं नाही.

“हा राब आहे?”

“सासऱ्याच्या आदीपासना. दर साल भाजतंव. तुमच्या खुट्या दिसल्या, लाल फीत दिसली, मना वाटला काय सरकारी काम हाय. म्हणून तीन साल हात लावला न्हाय.”

मी बांधावर त्यांच्या शेजारी बसले. “अहो मावशी, मला तर न जळलेली जागा पाहिजे होती!”

“तुमी आगीचाच बघताव ना? मना वाटला भाजलेलीच पायजे.” मग खुंटीवरच्या अक्षराकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, “ह्या काय लिवलाय?” मी सांगितलं. त्या आधी माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की तांब्यातलं पाणी लुगड्यावर सांडलं. मला रडू येत होतं आणि त्यांच्याबरोबर हसूही आलं, ते काही मला आवरलं नाही.

शेवटी मी विचारलं, “मग इथे कधीच न भाजलेली जागा कुठे आहे?” त्यांनी वर उताराकडे बघितलं, खाली खाडीकडे बघितलं, बोटं मोजली. म्हणाल्या, “तशी न्हाय बाई कंची. कंदी ना कंदी समदी भाजलेली.”

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. त्याने फोन हातात घेऊन फोटो मोठा करून बघितला. “फोटोत तर छान गवत दिसतंय. कुणाला कळणार आहे?” तो वाईट माणूस नाही. त्याला गॅलरी परत हवी होती, आणि बायकोही.

मला मोह झाला, हे कबूल करते. नुसता मोह नाही, दोन दिवस मी ठरवूनच टाकलं होतं की गप्प बसायचं. परीक्षक काही घोडबंदरला येऊन मावशींना भेटणार नव्हते. मनात मावशींवरही राग काढला. मेला तो सभ्यपणा! उपटून फेकल्या असत्या खुंट्या पहिल्याच वर्षी, तर माझी तीन वर्षं वाचली असती.

तिसऱ्या दिवशी फोटो प्रकरणात चिकटवला. खाली ओळ लिहायची होती. ‘न जळलेली जागा’ एवढे तीन शब्द, आणि माझ्याच्याने ते टाइप होईनात. मी वगळलेल्या सहा नमुन्यांची फाइल उघडली. आता ते आकडे एकदम सरळ दिसत होते. दर वर्षी शेण घालून भाजलेली माती जशी असायला हवी तशीच ती होती. प्रत्येक वेळी ती खरं बोलली होती आणि प्रत्येक वेळी मी तिला खोटं पाडलं होतं. माझ्या तीनशे पानांत खोटं कुणी असेल तर ती मी होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त दमल्यासारखं वाटलं.

मॅडमना फोन केला, हा प्रबंध असा सादर करणार नाही म्हणून सांगितलं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “तुझी नोंदणी मेअखेर संपते.”

“माहीत आहे.”

“पुन्हा पहिल्यापासून प्रवेश घ्यावा लागेल.”

“तेही माहीत आहे.”

“दमली नाहीस?”

“दमलेय, मॅडम.”

मग त्या म्हणाल्या, “ठीक आहे. आधी खुंट्या काढून ये.”

पुढच्या रविवारी गेले. बांधाशी पाल्याचे ढीग, वाळलेल्या फांद्या, शेणाच्या पाट्या तयार होत्या. मावशी म्हणाल्या, वारा नाही, आजच लावते. मी एकेक खुंटी उपटत गेले. लाल फीत उन्हाने गुलाबी पडली होती. अकरावी निघेना, तेव्हा त्यांनी पहार आणून दिली. दोघींनी मिळून ती काढली.

“तीन वर्षं राब कुठे भाजलात?” मी विचारलं.

“घरामागं. बारीक जागा, सावलीची. रोपा पातल आली.”

हे मी मोजलंच नव्हतं. माझ्या सोळा खुंट्यांनी त्यांची चांगली जागा अडवली होती आणि त्या वर तांब्या घेऊन येत राहिल्या होत्या. “मग मला सांगितलं का नाही?”

“तुमी इचारला कवा?” त्या म्हणाल्या. आवाजात राग अजिबात नव्हता. त्या फांद्या पसरत होत्या.

तीन वर्षं मी आगीचा अभ्यास केला होता आणि आग लागताना एकदाही पाहिली नव्हती. मी नेहमी नंतर पोचायचे. आता पाला पसरला जात होता, अजून काडी लागायची होती. भाजायच्या आधीची माती आणि भाजल्यानंतरची माती, एकाच जागेची. हे माझ्या डोक्यात आलं आणि क्षणभर मला वाटलं, नको, नको, पुन्हा नको ते चाळणं आणि कुटणं. पण सवयीने पिशवीत रिकाम्या पिशव्या होत्याच. मी खुरपं काढलं, वाकले, आणि थांबले.

“मावशी, भाजायच्या आधी थोडी माती घेऊ का?”

त्यांनी मान वर केली. तीन वर्षांत न विचारता मी किती माती नेली असेल ते दोघींनाही माहीत होतं.

“घ्या ना,” त्या म्हणाल्या. “पन रोपांपुरती ठेवा.”

मी एकच पिशवी भरली. तोंड बांधलं, मार्कर काढला, आणि पिशवीवर काय लिहायचं ते त्यांनाच विचारलं.

“राब लिवा,” त्या म्हणाल्या. मी तेवढंच लिहिलं.