सव्वादोन फूट

परदेशात पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी आपल्या वाट्याला आलेली जागा टेपने मोजली. लांबी सहा फूट, रुंदी सव्वादोन. उंची अशी, की ताठ बसावे तर डोके वरच्या खाटेला आपटावे. खोलीत अशा आठ खाटा होत्या. कारखान्यात गणवेश शिवणाऱ्या या शिंप्याने ही खोली स्वतःच मागून घेतली होती. मुकादम चौघांच्या खोलीत सोय करायला तयार असताना, "नको, आपल्या भाषेची माणसं आहेत तिथंच टाका," असे ते म्हणाले होते. त्या मागणीत काय मागितले, हे कळायला त्यांना पावणेदोन वर्षे लागली.

रस्त्यावर, बसमध्ये, जिन्यात, न्हाणीघराच्या रांगेत कुणाचे ना कुणाचे कोपर बरगडीत असेच. त्याची सवय झाली. झाली नाही ती फोनची. सुट्टीच्या दुपारी बायकोचा फोन आला, की वरच्या खाटेवरून मामा, म्हणजे खोलीतले सर्वांत वयस्क इस्त्रीवाले, वहिनींना नमस्कार सांगत. बाकीचे सहा जण त्यात आपापली भर घालत. ती हसून नमस्कार घेई आणि उरलेला वेळ मुलीच्या शाळेबद्दल नाहीतर पाण्याच्या टाकीबद्दल बोलत राही.

कराराची मुदत संपत आली. आणखी दोन वर्षांच्या कागदावर सही करायची, नाहीतर परत जायचे. उत्तर आठवड्याभरात हवे होते. बायकोला विचारले तर, "तुम्ही ठरवाल ते." चौदा वर्षांच्या संसारात तिने इतके आज्ञाधारक उत्तर कधी दिले नव्हते. म्हणूनच मास्तरांचा त्यावर विश्वास बसेना.

त्यांनी कारखान्यातले उरलेसुरले तुकडे जोडून, दुहेरी अस्तर लावून, खाटेला पडदा शिवला. खोलीत हसाहशी झाली.

"आंतरपाट तर धरलात मास्तर," मामा म्हणाले, "आता मंगलाष्टका कुणी म्हणायच्या?"

मास्तरही हसले. जन्मभर कापड हाताळलेल्या माणसाचा कापडाच्या जाडीवर फार भरवसा असतो.

सहीच्या दोन दिवस आधी सुट्टी आली. फोनवर तिने आधी विचारले, "खोलीत कोण आहे?"

"कुणी नाही."

"मला सवय झालीय हो," ती म्हणाली. "पलंगावर मी आता मधोमध झोपते. तुम्ही आलात की सरकावं लागेल, याची धास्ती वाटते. आणि असं वाटतं, याचीच लाज वाटते."

थोड्या वेळाने करतो म्हणून मास्तरांनी फोन ठेवला आणि पडदा बाजूला सारला. सातही जण खोलीतच होते आणि सातही जण अचानक कामात होते. मामा घडी घातलेल्याच सदऱ्याची पुन्हा घडी घालत होते. थट्टा कुणी केली नाही. मामांनी न मागता चहाचा कप पुढे केला आणि वहिनी कशा आहेत, हे पहिल्यांदाच विचारले नाही. त्या चहावरून मास्तरांना कळले, की शब्द न् शब्द ऐकला गेला आहे.

चहा तसाच ठेवून ते बाजाराच्या रस्त्यावर उतरले आणि रेटारेटीतच त्यांनी फोन लावला.

"मघाशी मी खोटं बोललो. सगळे खोलीतच होते. सगळ्यांनी ऐकलं."

"आणि आता हा गोंगाट कसला?"

"बाजारात आहे. हजार माणसं असतील. आपलं एक अक्षर कुणाला कळत नाही."

मग ते मोठ्याने बोलले. दोन वर्षांत इतक्या मोठ्याने बोललेच नव्हते. "मी सही करत नाही. येतोय परत. तू मधोमधच झोप. भिंतीकडची कड मला पुरे. सव्वादोन फुटांत कूस न बदलता झोपता येतं मला आता."

पलीकडे फोन चालूच होता. टाकीत पाणी पडत असल्याचा आवाज येत होता. मागून कुणीतरी धक्का दिला, पुढच्याने वळून पाहिले. डोळे पुसणारा माणूस दिसताच तो अवघडून बाजूला झाला, त्याच्या शेजारचाही झाला. मास्तरांच्या भोवती हातभर जागा मोकळी झाली. तिच्या मधोमध उभे राहून ते फोन कानाशी घट्ट धरून तिच्या बोलण्याची वाट पाहत राहिले.