सुलक्षणा बाईंची हजेरी

आमच्या शाळेत वर्गाची हजेरी घ्यायला शिक्षकांना पाच मिनिटं पुरतात. सुलक्षणा बाईंना वीस लागत. मुख्याध्यापक आनंद सरांनी त्यांना दोनदा तोंडी समज दिली होती, आणि तिसऱ्यांदा लेखी द्यावी का, असं मला विचारलं होतं. मी शाळेचा लिपिक. भोरला बी.कॉम. केलं आणि त्यानंतरची सगळी नोकरी वेल्हे तालुक्यातल्या या एका माध्यमिक शाळेत झाली. येत्या मे अखेर निवृत्त होतोय. नियमात बसत असेल तर लेखी समज द्यावी, असं मी सरांना सांगितलं होतं.

वीस मिनिटं लागण्याचं कारण असं, की बाईंच्या वर्गात नाव घेतल्यावर मुलांनी 'हजर' म्हणायचं नाही. शाळेत येताना वाटेत काय दिसलं, ते एका वाक्यात सांगायचं. मुलं लांबलांबच्या वाड्यांवरून येतात. माझ्या खोलीची खिडकी सातवीच्या वर्गाला लागून आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू येई.

"बाई, खंड्या बसला व्हता तारंवर."

"बाई, आमच्या खाचरात सरपंचांची म्हैस. दोन पेंड्या खाल्ल्या तिनं."

"बाई, यष्टी दिसलीच न्हाई."

"मग तू आलास कसा?"

"ती न्हाई दिसली म्हनूनच चालत आलो."

वर्ग हसे. बाईही हसत आणि हजेरीपटावर खूण करत. एकदा मी त्यांना म्हटलं, "बाई, शासनाला फक्त हजर की गैरहजर एवढंच हवं असतं." त्या म्हणाल्या, "ते शासनाला देतेच की भाऊसाहेब. बाकीचं माझ्यासाठी." शाळेत लिपिकाला भाऊसाहेब म्हणायची पद्धत आहे.

बाई मूळच्या शिवऱ्याच्या. वडिलांचं हायवेला रसवंतीगृह. शाळा सुटल्यावर ग्लास भरायचं काम यांच्याकडे. "गिऱ्हाईक ग्लास कसा धरतं ते बघत बसायचे मी," त्या सांगत. "कोण दमलंय, कोण भांडून आलंय, कळायचं." बी.एड. झाल्यावर आठ-नऊ वर्षं त्यांनी परीक्षा दिल्या, खासगी शिकवण्या घेतल्या आणि चौतिसाव्या वर्षी आमच्याकडे शिक्षणसेवक म्हणून लागल्या. तीन वर्षं नीट पार पडली की कायम. मी सांगतोय त्या दिवाळीला त्यांची अडीच वर्षं झाली होती. गावातच एक खोली भाड्याने घेऊन राहायच्या.

आता त्या मुलीबद्दल. तिचं नाव आणि वाडी मी लिहिणार नाही. कायद्याने लिहायचं नसतंच, आणि नसता कायदा तरी लिहिलं नसतं. सातवीत होती. बापाला पुण्यात एका हॉटेलात काम, महिन्याने घरी यायचा. घरी आई फुलाबाई, आजोबा चिमाजी आबा, आणि धाकटा चुलता. चिमाजी आबा आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. चुलत्याचा टेम्पो होता. सकाळी तो दुधाचे कॅन डेअरीवर घालायचा आणि जाता-येता वाडीतल्या मुलांना फुकट शाळेत सोडायचा. पंधरा ऑगस्टला आम्ही त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. आभारपत्र मीच लिहिलं होतं, आणि चांगलं उतरलं होतं.

टेम्पोतून येणाऱ्या मुलांची हजेरी बाईंना लगेच ओळखू येई. सगळ्यांना एकच दिसलेलं असे. एकाला डांबराचा रोलर दिसला, की पुढच्या आठजणांनाही रोलरच. ही मुलगी त्या आठांतली. पण सप्टेंबरच्या शेवटी तिची उत्तरं बदलली. "बाई, ओढ्यात खेकडा." दुसऱ्या दिवशी, "बाई, करवंदीच्या जाळीत सापाची कात." रस्त्यावरून जाणाऱ्या टेम्पोतून या गोष्टी दिसत नाहीत. बाई हजेरीपटाच्या मागे एका कागदावर तारखा लिहीत गेल्या. दारातला टेम्पो सोडून मुलगी ओढ्याच्या वाटेने तासभर चालत येत होती.

मग ऑक्टोबरात तिने वाक्यं सांगणं सोडलं. फक्त म्हणे, "हजर."

त्या सुमाराला खिचडी शिजवणाऱ्या साळूबाईंनी बाईंना बाजूला घेतलं. साळूबाई ते सगळं पुढे मला जसंच्या तसं सांगत. "म्या म्हनलं, बाई, येक सांगू का? ती पोरगी सांच्याला माझ्यासंगं पातेली घासाय थांबती. लेकराला काय पातेल्याची हौस आसती व्हय? टेम्पो फुडं गेल्याबिगर नळावरनं हलत न्हाई."

दिवाळीची सुट्टी शनिवारपासून होती. त्या आठवड्यातल्या मंगळवारी मधल्या सुट्टीत बाई नळावर तिच्याशेजारी जाऊन बसल्या आणि पातेली घासू लागल्या. काही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने मुलगीच म्हणाली, "बाई, सुट्टी नगं लागाय." का, तर सुट्टीत भातकापणी. सगळी माणसं दिवसभर खाचरात. घरी ती आणि दुपारी टेम्पो घेऊन परतणारा काका. पुढे ती जे बोलली ते बाईंनी मला कधी सांगितलं नाही. पत्रात मात्र लिहिलं होतं, तिच्याच शब्दांत, चार ओळी.

ते पत्र घेऊन बाई तीन वाजता माझ्या टेबलाशी आल्या. मी वाचलं. वाचून धक्का बसला, हे खरं. पण नोकरीत लागलेली सवय त्याहून जुनी होती. पत्र पोलीस ठाण्याला उद्देशून होतं आणि त्यावर 'मुख्याध्यापकांमार्फत' असं कुठेच नव्हतं.

"बाई, हे असं थेट जात नाही. योग्य मार्गाने जावं लागतं. सर प्रशिक्षणाला पुण्यात आहेत, शुक्रवारी येतील. त्यांच्या सहीने जाईल."

"शुक्रवारी?"

"काळजी करू नका. मी आवक करून ठेवतो."

मी ते आवक नोंदवहीत चढवलं. विषयाच्या रकान्यात लिहिलं, 'विद्यार्थिनीबाबत'. क्रमांक टाकला, शिक्का मारला, बंद पाकिटात घालून सरांच्या फायलीत ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. काम गुप्त आणि रीतसर झालं, अशा समाधानात भोरला घरी गेलो. जेवलोही व्यवस्थित.

बुधवारी सकाळी बाई पुन्हा आल्या. "गेलं का, भाऊसाहेब?"

"आवक झालंय."

"कपाटात झालंय. ठाण्यात नाही."

"बाई, मला बत्तीस वर्षं झाली या खुर्चीत. वरिष्ठांना डावलून कागद गेला की उद्या तुमच्याच अंगाशी येईल. तुमचं कायम होणं बाकी आहे. आणि मुलगी कोणाच्या घरातली?"

"चिमाजी आबांच्या."

"मग?"

त्यांनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. उन्हाळ्यातल्या प्रशिक्षणात सगळ्या शिक्षकांना वाटलेला, पोक्सो कायद्याची माहिती देणारा. माझ्या गठ्ठ्यातही तो होता, न उघडलेला. त्यांनी एका ओळीखाली बोट ठेवलं. असा गुन्हा घडल्याची किंवा घडेल अशी ज्याला शंका आहे, त्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवायची. न कळवणाऱ्याला शिक्षा.

"यात मुख्याध्यापकांमार्फत कुठे लिहिलंय, दाखवा."

नव्हतं. मी दोनदा वाचलं.

"आणि भाऊसाहेब, 'प्रत्येकाने' लिहिलंय. काल तुम्ही पत्र वाचलंत. म्हणजे तुम्हालाही कळलंय. तुमची पेन्शन आणि माझं कायम होणं, दोन्ही एकाच ओळीत बसतात."

त्या रागाने बोलल्या नाहीत. हिशोब समजावून सांगावा तसं बोलल्या. मला तोच कळला.

तरी मी सरांना फोन केलाच. शाळेत मोबाईलला रेंज फक्त झेंड्याच्या कट्ट्यावर मिळते. मी कट्ट्यावर, बाई शेजारी. सर म्हणाले, "घाई नको. मी आलो की आधी चिमाजी आबांना बोलावून घेऊ. घरातल्या घरात मिटतंय का बघू. शाळेचं नाव जाईल." आमच्याकडे सगळं असंच मिटतं. बांधाची भांडणं, सोयरिकी, मुलांची डोकी फुटलेली. आधी वडीलधाऱ्यांच्या कानावर घालायचं. सर वाईट नाहीत. चार दिवसांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं.

बाईंनी फोन मागून घेतला. "सर, ज्या घराबद्दल कळवायचंय त्याच घराला विचारून कळवू का? आबांना आज बोलावलं तर मुलगी उद्या शाळेत येईल, असं तुम्ही मला लिहून द्याल?"

 मग सर म्हणाले, "भाऊसाहेबांना सोबत न्या."

एकच्या एसटीने आम्ही निघालो. आम्ही म्हणजे बाई, मी आणि साळूबाई. साळूबाईंना कोणी बोलावलं नव्हतं. पातेलं झाकून त्या पदर खोचत एसटीत चढल्या. "नळावर म्या व्हते न्हवं रोज? मग माझं बी इचारतील की." मी दीड दिवसाच्या रजेचा अर्ज टेबलावर ठेवला होता. अर्ध्या दिवसाचा पुरला असता, पण पोलीस ठाण्यात किती वेळ लागतो याचा मला अनुभव नव्हता. साळूबाई वाटभर म्हणत होत्या, "भाऊसाब, घामाघूम का झालाय? तुमाला कोन धरतंय?"

वेल्ह्याच्या ठाण्यात एक महिला अधिकारी होत्या. त्यांनी पत्र वाचलं आणि दार लावून घेतलं.

"बाई, तुम्ही स्वतः काही पाहिलंय?"

"नाही. मुलीने सांगितलं ते आणि हे." त्यांनी तारखांचा कागद पुढे केला. खेकडा, सापाची कात, मग हजर, हजर, हजर.

अधिकाऱ्यांनी तो सावकाश वाचला. "पुरावा गोळा करणं आमचं काम. तुम्ही कळवलंत, तुमचं काम झालं. पत्रावर कालची तारीख आहे. काल का नाही आलात?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "उशीर झाला," म्हणाल्या.

"माझ्यामुळे," मी म्हटलं. "मी कपाटात ठेवलं होतं."

त्यांनी तेही लिहून घेतलं. नोकरीत माझ्याविरुद्ध झालेली ती एकमेव नोंद. ती बरोबर आहे.

गुरुवारी सकाळी त्या महिला अधिकारी गणवेश न घालता साध्या साडीत शाळेत आल्या. कुठे बसून बोलायचं ते मुलीला विचारलं. ती म्हणाली, साळूमावशीच्या चुलीपाशी. फुलाबाईंना खाचरातून बोलावलं होतं. हातात विळा तसाच. कारण कळल्यावर त्या आधी सुलक्षणा बाईंवर धावल्या.

"घर मोडलं माझं तुमी! माझ्या पोरीचं नाव गावात काडलं! तुमाला काय, तुमी उद्या बदली करून जाताल."

 साळूबाईंनी पुढे होऊन फुलाबाईंच्या हातातला विळा काढून घेतला. "फुले, वरड नंतर. पोरगी काय म्हनती ते आदी ऐक. ती तुला सांगाय भ्याली, म्हनून आमाला सांगितलं."

फुलाबाई आत गेल्या. तासाभराने बाहेर आल्या तेव्हा मुलीचं डोकं त्यांच्या पदराखाली होतं. त्याच संध्याकाळी चुलत्याला अटक झाली आणि टेम्पो ठाण्याच्या आवारात उभा राहिला. शनिवारी सुट्टी लागली, पण मुलगी आईबरोबर शुक्रवारीच मामाच्या गावी गेली होती.

पुढचं थोडक्यात सांगतो. खटला पुण्याला चालू आहे, त्याबद्दल मी लिहू नये. चिमाजी आबांनी समितीचा राजीनामा दिला. ते मला एकदा बाजारात भेटले, मान खाली घालून पुढे गेले. गावाने बाईंना सोडलं नाही. घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली. दूधवाल्याने रतीब बंद केला. "आमची पोरं आता पायी येत्यात, बाईंच्या किरपेनं," असं लोक त्यांना ऐकू जाईल असं बोलत. बाई भोरला राहायला आल्या. रोज दोन एसट्या बदलून जायच्या. सकाळी स्टँडवर माझ्या शेजारच्या बाकावर बसून वह्या तपासायच्या. एकदा मी विचारलं, "पुन्हा असं काही कळलं तर?" त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे देणार नाही," आणि हसल्या. लेखी समजेचा विषय आनंद सरांनी पुन्हा काढला नाही.

दिवाळीनंतर शाळा उघडली तो दिवस मला नीट आठवतो. शिष्यवृत्तीच्या अर्जांवर सह्या घ्यायला मी सातवीच्या वर्गात गेलो होतो. हजेरी चालू होती. दोघातिघांना फटाक्याचे कागद दिसले होते. मग त्या मुलीचं नाव आलं. ती आली होती, पण 'हजर'च्या पुढे काही सांगेल का, हे कोणालाच माहीत नव्हतं. बाईंनी नाव इतरांसारखंच घेतलं, पण पेन उचललेलंच राहिलं.

मागच्या बाकावरून आवाज आला.

"बाई, आई लई हळू चालती. ओढ्यापाशी दोनदा खाली बसली."

वर्ग हसला. बाईंनी विचारलं, "मग?"

"मग म्या तिची पिशवी घेतली. ती म्हनली, उद्यापासनं सवय व्हईल."

बाईंनी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. मी सह्या न घेताच बाहेर आलो. नळापाशी फुलाबाई पायांवरचा चिखल धूत होत्या. मला पाहून त्यांनी पदर सारखा केला आणि विचारलं, "भाऊसाब, शाळा किती वाजता सुटती? म्या हितंच थांबते."

मी त्यांना वेळ सांगितली आणि ऑफिसातून बसायला खुर्ची आणून दिली.