माठातलं पोवळं

माझ्या आत्याच्या यजमानांइतका संशयी माणूस साऱ्या झाडीपट्टीत झाला नसेल, आणि झालाच असेल तर त्याच्यावरही आमच्या या फुफाजींनी संशय घेतला असता. चोरखमाऱ्याच्या तलावाखाली त्यांची धानाची शेती. तलावाचं पाणी सुटलं की आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, घेण्याआधी ते ओंजळभर चाखून बघत. देवळातला प्रसाद आधी पुजाऱ्याला खायला लावत. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सारं गाव नाचलं; हे ओसरीवरूनच म्हणाले, "इंग्रज असा फुकटात जात नसते. काहीतरी ठेवून गेला असन, पाहा!"

अशा घरात माझ्या आत्येबहिणीला एका मास्तरचं स्थळ आलं. मुलाचं बालपण रामेश्वरला मामाकडे गेलेलं. बहिणीच्या तो मनात भरला. पण बिचाऱ्याने भेट म्हणून आणली काय, तर पोवळी! हरणाच्या शिंगासारखे दोन तुकडे, एक लहान, एक मोठा. शिवाय एक मेंदूसारखा वळ्यावळ्यांचा, एक अळंबीच्या छत्रीसारखा. फुफाजींना ठाऊक असलेलं पोवळं म्हणजे अंगठीतला लाल खडा. हे सगळं पांढरंफटक! त्यात मास्तर रंगात आला. म्हणे, बारीक जीव समुद्रात याच्या रांगा बांधतात. काही काठाला लागून, काही दूर भिंतीसारख्या, तर काही बांगडीसारख्या गोल, मधे तळं.

"समुद्रात तळं?" फुफाजी ताडकन उठले. "पान्यात पानी साठवाले तळं कायले बांधन कोनी?"

"बाबा, वाळवी नाई का वारूळ बांधत?" बहीण दाराआडून म्हणाली.

"तू चूप राह्य. वारूळ मी पाह्यलं हाय."

झालं! मिठाच्या पाण्याचा माठ भरला, त्यात शिंगासारखा लहान तुकडा सोडला, मोठा कोनाड्यात ठेवला. माठातला वाढला तर सोयरीक, नाहीतर नाही. "अहो, यातले जीव केव्हाच मेले, हा कसा वाढेल?" मास्तर काकुळतीला आला.

"पाह्यलं? आता पलटून राहिला!"

पावसाळाभर फुफाजी रोज सुतळीने तो तुकडा मोजत आणि बहीण चुलीपाशी रडे. आत्या करवादे, "पोरगी सुकून राहिली, अन् तुमी माठ पाहून राहिले!"

दसऱ्याच्या सकाळी झाकण काढलं, तर तुकडा रातोरात वीतभर वाढलेला! कोनाड्यातला मोठा तुकडा मात्र जागेवर नव्हता. फुफाजींनी माठात पाहिलं, कोनाड्याकडे पाहिलं, मग पोरीच्या तोंडाकडे. सुतळी बंडीच्या खिशात घातली.

"वाढला," म्हणाले. "बोलवा मास्तरले."

लग्न लागलं, पोरगी नांदायला गेली. एकदा बांधावर मी विचारलंच, "फुफाजी, कोनाडा रिकामा होता ना?"

"दिसला ना मले." त्यांनी माझा हात धरला. "आजवर माह्याशी खोटं नाई बोलली पोरगी. तिले त्याच्या घरी एवढं जावाचं होतं, तं मी कायले आडवा येऊ? आता घर खावाले उठते बापा. पन मले समजलं म्हनून तिले सांगू नोको."

नाही सांगणार, म्हटलं. तरी त्यांनी माझा हात किती तरी वेळ सोडला नाही.