छर्ऱ्यांच्या मशीनला झेंडूचा हार

शीळफाट्याच्या रस्त्यावर एक मॉल आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर खेळायची मशीनं आहेत. मुलगी आम्हा दोघांना तिथे बसवते आणि खाली जाऊन बाजार करते. म्हाताऱ्यांनी तिथे काय करायचं, असं कुणालाही वाटेल. पण गार हवा असते, बसायला स्टूल असतं आणि छर्ऱ्यांचं मशीन असतं. कार्ड टेकवलं की सायकलच्या चाकात असतात तसले पोलादी छर्रे खालच्या वाटीत येतात. मूठ फिरवली की एकेक वर उडतो आणि खिळ्यांवर आपटत खाली येतो. भोकात पडला तर तिकिटं निघतात. ढीगभर तिकिटं दिली की एक पेन्सिल मिळते. जुगार म्हणावा एवढाही त्यात दम नाही.

आमचे हे, म्हणजे माझा नवरा, वागळे इस्टेटला बेअरिंगच्या कंपनीत तपासणी खात्याला होते. छर्रा बोटांत फिरवून खोट शोधायची, हेच काम. आता विसरायला लागलेत. चष्मा विसरतात, गॅस विसरतात, नातीचं नाव विसरतात. डॉक्टर म्हणाले, हात चालू राहू द्या. म्हणून हे मशीन.

"आज किती पेन्सिली?" मी विचारायचे.

"दुकानच टाकू आता. तू गल्ल्यावर बस."

असं काही बोलले की माझा तो दिवस बरा जायचा. बाकी सगळं विसरले तरी मी निभावून नेलं असतं. मला विसरतील, ही एकच भीती होती.

गेल्या दसऱ्याला गेलो तर प्रत्येक मशीनला झेंडूचा हार आणि कुंकवाचं बोट. पूजा सकाळीच उरकली होती, खेळ चालू होता. हे मात्र दारात थबकले. चपला काढल्या. खिशातून रुमाल काढून छर्ऱ्यांच्या मशीनची काच पुसायला लागले.

मला कळलं. कंपनीत दसऱ्याला मशीनं बंद असायची. कामगार ती घासूनपुसून हार घालायचे, मग साहेब नारळ फोडायचे. आम्ही बायका, पोरांना नवे कपडे घालून, पेढे खायला जायचो. नारळ फुटेपर्यंत मशीनला कुणी हात लावायचा नाही.

तेवढ्यात एक माणूस येऊन त्या स्टुलावर बसला आणि त्याने कार्ड टेकवलं. छर्रे खडखडले. यांनी त्याचं मनगट धरलं.

"हात काढ! आज मशीन चालवतात का रे?"

"ओ काका, सोडा ना. पैसे भरलेत मी."

"नारळ फुटला नाही अजून. कुठल्या शिफ्टचा तू?"

माणूस आधी हसला. मग त्याला ती पकड कळली. "आजी, सांभाळा यांना. नाहीतर मी बोलावतो कुणालातरी."

"अहो, सोडा त्यांना. मॉल आहे हा," मी म्हटलं. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. लांबून गणवेशातला सिक्युरिटीवाला येताना दिसला. त्याने अंगाला हात लावला असता तर यांनी मारलंच असतं.

मग मी खोटं बोलले. "नारळ फुटला की! तुम्ही काच पुसत होतात तेव्हा. साहेब गेलेसुद्धा."

पकड सैल झाली. "फुटला? मग काय हरकत नाही." त्या माणसाला म्हणाले, "चालव. पण हळू. नवीन दिसतोस."

"हो साहेब," तो मनगट चोळत म्हणाला. भला माणूस होता. सिक्युरिटीवाल्यालाही त्यानेच हाताने परत फिरवलं.

मी दारातल्या चपला उचलून यांच्या पायाशी ठेवायला वाकले. हे एकदम मागे सरले.

"अहो वहिनी, हे काय! राहू द्या, मी घालतो."

लग्नाला एवढी वर्षं झाली, यांनी मला कधी अहोजाहो केलं नव्हतं. मी फोनवर मुलीला वर ये म्हटलं, तर माझा आवाज तिला ओळखू येईना.

हे बाकावर बसून रुमालाची घडी घालत होते. "वहिनी, तुमचे मिस्टर कुठल्या खात्याला?"

"तपासणीला," मी म्हटलं.

"मग ओळखत असेन मी," ते म्हणाले आणि सरकून मला जागा दिली.

मी बसले.