मागच्या रांगेतली व्यंजनं

कुठल्याही नव्या जागी गेल्या की ताई दारातच एक टाळी वाजवायच्या. एकच, पण खणखणीत. मग मान जराशी कलती करून उभ्या राहायच्या. जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, वेटिंग रूममध्ये, कुणाच्या नव्या घरी चहाला गेल्यावर, एकदा तर कॉव्हेंट्रीतल्या एका बँकेच्या शाखेत. काउंटरवरची मुलगी घाबरून काय हवंय विचारायला लागली, तर तिला हातानेच थांबवून माझ्याकडे वळून म्हणाल्या, "थांब, आधी ऐकू दे."

त्या भिंती ऐकत असत. टाळी लगेच विरली तर जागा चांगली, घुमत राहिली तर वाईट. तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील, नव्या घरात गेल्यावर पडदे बघणारी, नळ उघडून बघणारी. ताई टाळी वाजवून बघायच्या, एवढाच फरक.

त्या मूळच्या नागपूरच्या. कॉव्हेंट्रीच्या एका सरकारी शाळेत फिजिक्स शिकवून रिटायर झालेल्या. विहाराच्या कार्यक्रमांना आमची ओळख झाली. मी बर्मिंगहॅमला एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करायचो, राहायला त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून. त्यांना सगळेच ताई म्हणायचे, शाळेत त्यांच्या हाताखालून गेलेली गोरी पोरंसुद्धा. त्या पोरांना वाटायचं तेच ताईंचं नाव आहे.

ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. एप्रिलमधल्या जयंतीला आम्ही एक कम्युनिटी हॉल भाड्याने घ्यायचो. छत उंच, फरशी गुळगुळीत, भिंती कोऱ्या. विहाराचे जुने दोन भलेमोठे स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना. वक्ता बोलायला लागला की मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटायचं. पुढच्या चार रांगांना कळायचं. मागे बसलेल्या म्हाताऱ्या बायका थोडा वेळ भक्तिभावाने ऐकायच्या आणि मग हळूहळू आपापसात गप्पा सुरू करायच्या. त्या वर्षी कमिटीच्या मीटिंगमध्ये अध्यक्ष वैतागून म्हणाले की मागच्या लोकांना शिस्त नाही, पुढच्या वेळी कुणीतरी उभं करायला हवं त्यांना गप्प बसवायला.

ताई तोवर बिस्किट चहात बुडवत होत्या. म्हणाल्या, "त्यांच्यापर्यंत शब्द पोचत नाहीत. मग त्या आपले शब्द बोलतात."

पुढच्याच शनिवारी स्पीकर त्यांच्या गॅरेजमध्ये गेले. यजमान वारल्यावर ताईंनी गाडी विकून टाकली होती, त्यामुळे गॅरेज रिकामंच होतं. मला फोन आला, "तू कॉम्प्युटरचा ना? ऑफिसात एखादा जुना टाकून देत असतील तर घेऊन ये."

मी रीतसर विचारून एक टॉवर आणला. ताईंनी एका खोक्याची पाठ उघडून ठेवली होती. खाली जाड आवाजासाठी मोठा कागदी पडदा, वर पातळ आवाजासाठी छोटा कर्णा, आणि मध्ये दोघांत आवाज वाटून देणारी तारांची वेटोळी नि कपॅसिटर. हाच तो क्रॉसओव्हर. कुणीतरी कधीकाळी तो दुरुस्त करताना हाताला येईल तो भाग लावून टाकला होता.

"आपण बोलतो त्यातले स्वर खालून येतात," ताई मोठ्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या. मग कर्ण्यावर ठेवलं. "व्यंजनं वरून. वाटणी चुकली की मागे नुसता आ-ओ-ऊ पोचतो."

त्यांनी तो क्रॉसओव्हर काढूनच टाकला. आता वाटणी कॉम्प्युटर करणार होता. माइकचा आवाज आधी कॉम्प्युटरमध्ये जाणार, तिथे सॉफ्टवेअर त्याचे जाड आणि पातळ असे भाग करणार, आणि प्रत्येक भाग आपापल्या ॲम्प्लिफायरमधून आपापल्या स्पीकरला जाणार. अनेक आउटपुटांचं साउंड कार्ड त्यांनी आधीच मागवलं होतं. सॉफ्टवेअर फुकटचं होतं. स्क्रीनवर चौकोन मांडायचे आणि माउसने एकातून दुसऱ्यात वायरी ओढायच्या. ताईंना तो खेळ इतका आवडला की त्यांनी पहिल्याच दिवशी माउस आपल्याकडे घेतला तो परत दिलाच नाही. मी बहुतेक वेळ टॉर्च धरून असायचो.

पहिला कर्णा त्यांनी स्वतः जाळला. ॲम्प्लिफायर चालू असताना कॉम्प्युटर सुरू केला, सॉफ्टवेअर जागं होण्याआधीच एक जोरदार ठप्प असा आवाज न गाळता कर्ण्यात गेला, आणि कर्णा मुका झाला. ताईंनी तो काढून उलटसुलट करून बघितला. मग त्यांना हसू फुटलं. म्हणाल्या की तीस वर्षं पोरांना फ्यूज शिकवला आणि घरी लावायला विसरले. नवा कर्णा आला तेव्हा त्याच्या वायरीत आधी एक कपॅसिटर बसला, राखणदार म्हणून. आणि कागदावर मोठ्या अक्षरांत नियम लिहून भिंतीला लागला: आधी कॉम्प्युटर, शेवटी ॲम्प्लिफायर, बंद करताना उलट.

मग मापं घेणं सुरू झालं. स्पीकरमधून खर्जापासून चढत जाणारा एक लांबलचक सूर सोडायचा, माइकने तो पकडायचा आणि स्क्रीनवरची रेघ बघायची. शनिवार दुपारभर ते ऊऽऽ चालायचं. शेजारचे इंग्रज आजोबा एकदा काळजीने विचारायला आले, घरात कुणी आजारी आहे का. ताईंनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यानंतर ते दर शनिवारी आपली घडीची खुर्ची घेऊन यायचे, चहा प्यायचे आणि सूर संपला की टाळ्या वाजवायचे. त्यांच्या टाळ्यांनी माप बिघडायचं, पण ताईंनी त्यांना कधी सांगितलं नाही. मापच पुन्हा घ्यायच्या.

एक दुपार मला अजून स्पष्ट आठवते. पडदा आणि कर्णा खोक्यात एका रेषेत नसतात, त्यामुळे एकाचा आवाज दुसऱ्याच्या किंचित मागे राहतो. ते जुळवायला ताईंनी कर्ण्याच्या वायरी मुद्दाम उलट्या जोडल्या. रेघेत, दोघं जिथे भेटतात तिथे, एक खड्डा पडला. ताई सॉफ्टवेअरमधून एकाला थोडा थोडा उशीर देत गेल्या, आणि खड्डा जितका खोल व्हायला लागला तितक्या त्या खूष. मला वाटलं, बिघडलं सगळं. त्या म्हणाल्या, "उलटे असताना जे एकमेकांना पुरते पुसून टाकतात ना, तेच सरळ झाले की पुरती साथ देतात."

वायरी सरळ करता करता हलक्या आवाजात पुढे म्हणाल्या, "आमचं दोघांचं असंच होतं."

एवढं होऊनही पुढच्या जयंतीला हे स्पीकर लावायला अध्यक्ष काही केल्या तयार होईनात. ते वाईट नव्हते, धास्तावलेले होते. नागपूरहून पाहुणे बोलायला येणार, आणि ऐनवेळी कॉम्प्युटर बंद पडला तर. ताईंनी वाद घातला नाही. जयंतीच्या आदल्या रविवारी हॉल मागून घेतला, अध्यक्षांनाही यायला सांगितलं, विहारातल्या चार आज्यांना बोलावून मागच्या रांगेत बसवलं, आणि मला स्टेजवर उभं करून एकेक शब्द वाचायला लावला. पाठ, काठ, ताट, थाट. आज्यांनी जे ऐकू आलं ते म्हणायचं. आधी हॉलच्या स्वतःच्या, भिंतीवरच्या जुन्या स्पीकरवर झालं. काठ म्हटलं की पाठ यायचं, थाट म्हटलं की काहीच नाही. मग आमचे स्पीकर लावले. सगळ्यात थोरल्या आजी, ज्यांना घरी टीव्ही भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढा मोठा लागायचा, त्या प्रत्येक शब्द ठणठणीत परत करत गेल्या. शेवटी त्यांनीच मला सांगितलं, जरा सावकाश वाच, कुणी पाठीमागे लागलंय का. अध्यक्षांनी होकाराची मान हलवली आणि एक खोकं स्वतः उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

जयंतीच्या दिवशी कॉम्प्युटरने दगा दिला नाही, दगा दिला चहाने. पाहुणे माइकसमोर येऊन उभे राहिले आणि त्याच क्षणी किचनमध्ये कुणीतरी चहाचं पाणी उकळायचा मोठा विजेचा अर्न आणि हीटर एकदम चालू केले. सगळ्या हॉलची वीज गेली. केअरटेकर फ्यूजबॉक्सकडे धावला. अध्यक्षांनी ताईंकडे बघितलं. ताई उठल्या, चालत कोपऱ्यात गेल्या आणि आधी ॲम्प्लिफायरची बटणं बंद केली. वीज आली तेव्हा फक्त कॉम्प्युटर सुरू केला. त्या जुन्या टॉवरला जागं व्हायला वेळ लागायचाच. लोक चुळबुळायला लागले, अध्यक्ष लवकर करा म्हणाले.

ताई त्या गर्दीतून सरळ शेवटच्या रांगेत गेल्या, थोरल्या आजींच्या कानाशी वाकल्या आणि काहीतरी बोलल्या. आजी काठी टेकत उभ्या राहिल्या आणि गायला लागल्या. साठच्या दशकात त्या इथे आल्या तेव्हा बरोबर आणलेलं, वस्तीत गायलं जाणारं गाणं. आवाज चिरका, पण सूर पक्का. पुढच्या रांगेतले सगळे, स्टेजवरचे पाहुणेसुद्धा, वळून बघायला लागले. ज्यांना मान वळवायला जमेना त्यांनी खुर्च्याच फिरवल्या. दुसऱ्या कडव्याला मागच्या बायका साथीला आल्या.

गाणं संपेपर्यंत कॉम्प्युटर जागा झाला होता. ताईंनी शेवटी ॲम्प्लिफायर लावले. पाहुणे बोलले. त्यांनी एक विनोद केला तेव्हा हॉल पुढून मागे असा लाटेसारखा हसला नाही, सगळा एकदम हसला. मी वळून बघितलं तर ताई आजींच्या शेजारी, मागेच बसल्या होत्या, डोळे मिटून.

पुढे तीन-चार वर्षं तेच स्पीकर लागले. मग ताई ग्लासगोला मुलीकडे राहायला गेल्या. विहाराने तयार सिस्टिम घेतली, चांगली आहे. ताईंचा फोन अधूनमधून येतो. तिथल्या हॉलमध्ये काय काय चुकीचं आहे ते सांगतात आणि मुलगी त्यांना कशालाच हात लावू देत नाही याचीही तक्रार करतात.

त्या जाण्याआधी मी गॅरेज आवरायला गेलो होतो. दुपारचं ऊन शटरखालून आत आलं होतं. वायरी गुंडाळता गुंडाळता मी सहज विचारलं, ताई, एवढा खटाटोप का केलात, भाड्याने माणूस मिळाला असता. त्या एका उलट्या क्रेटवर बसल्या. म्हणाल्या, लहानपणी वस्तीतल्या बायका सभांना जायच्या. आई कामावरून सुटून जायची, म्हणून नेहमी सगळ्यांच्या मागे उभी. मैदान मोठं, कर्णे लांब. रात्री घरी आली की आम्ही भावंडं तिच्याभोवती बसायचो आणि विचारायचो, काय म्हणाले, काय म्हणाले.

"ती म्हणायची, चांगलं बोलले." ताईंनी हातातली वायर मांडीवर ठेवली. "दरवेळी एवढंच. आम्हाला वाटायचं, आई आळशी आहे, नीट सांगत नाही. खूप मोठी झाल्यावर कळलं मला, की तिला एक शब्दही ऐकू आलेला नसायचा. तरी ती पुढच्या सभेला जायची."